नॉर्थम्बरलँडच्या किनाऱ्यावर आई-बाबांसह तीन दिवस: किल्ल्यांच्या यादीआधी भरतीचं वेळापत्रक उघडा

प्रश्न लीड्समध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचा आहे. भारतातून आई-बाबा आले आहेत, बाबांचा एक गुडघा दुखरा आहे, मुलगी नऊ वर्षांची. मेअखेरच्या शाळेच्या सुट्टीत स्वतःची गाडी घेऊन तीन दिवस, दोन रात्री इंग्लंडच्या ईशान्य टोकाचा नॉर्थम्बरलँडचा किनारा बघायचा आहे. यादीत लिंडिसफार्न, बॅम्बरा, ऍनिक, डन्स्टनबरा आणि वर्कवर्थ हे किल्ले, फार्न बेटं, बेरिक, आणि "जवळच आहे तर" म्हणून एडिंबरा. घरचे शाकाहारी, तुम्ही स्वतः मासे खाता. दिवसवार आखणी हवी आहे.

मी न्यूकॅसलला राहतो आणि या किनाऱ्यावर लोकांना फिरवणं हेच माझं काम आहे, त्यामुळे आधी यादीला कात्री लावतो. एडिंबरा काढा. त्या शहराला स्वतःचे दोन दिवस लागतात आणि तिथे तुम्हाला लीड्सहून रेल्वेने केव्हाही जाता येईल. वर्कवर्थही यावेळी सोडा. किल्ला उत्तम आहे, कॉकेट नदीच्या वळणात बसलेला आहे, पण तीन दिवसांत चौथा-पाचवा किल्ला आला की आई-बाबांच्या डोळ्यांसमोर नुसत्या भिंती उरतात. उरलेलं सगळं होतं, आणि आरामात होतं. अट एकच: आखणीची सुरुवात भरती-ओहोटीपासून करायची.

कारण सांगतो. लिंडिसफार्न, म्हणजेच होली आयलंड, हे दिवसातून दोनदा मुख्य भूमीपासून तुटतं. बील गावाकडून बेटावर जाणारा डांबरी रस्ता १९५४ मध्ये झाला आणि तो भरतीत पूर्ण पाण्याखाली जातो. अलिबागला ओहोटी बघून कुलाबा किल्ल्यात चालत जातात, तसाच प्रकार, फक्त इथे गाडी असते आणि अंतर बरंच जास्त. साधारणपणे भरतीच्या दोनेक तास आधी रस्ता बंद होतो आणि भरतीनंतर तीनेक तासांनी पुन्हा मोकळा होतो. वाऱ्यापावसात हा काळ लांबतो. नॉर्थम्बरलँड काउंटी कौन्सिल प्रत्येक दिवसाच्या सुरक्षित वेळा आधीच जाहीर करते. त्याच वेळा बघायच्या. नुसतं भरतीचं कोष्टक बघून स्वतः हिशेब करायचा नाही.

घरात कालनिर्णय असेलच, तर तारीख ठरवण्याआधी तिथी बघा, कामाला येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, इथली मोठी भरती दुपारी येते आणि रस्ता नेमका दुपारी काही तास बंद राहतो. अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या दिवसांत, भरती सकाळी आणि रात्री येते. दुपारी बारा-साडेबारापासून संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा मिळतो. तिथी फक्त अंदाजासाठी. शेवटचा शब्द कौन्सिलच्या वेळापत्रकाचा, आणि त्याचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा, कारण त्या भागात नेटवर्क कधी येतं कधी जातं.

तुमच्या तीन दिवसांत भांगाचे दिवस आले तर लिंडिसफार्नला दुपारी जा आणि सहाच्या सुमारास निघा. उधाणाचे आले तर सकाळी लवकर निघून आठपर्यंत बेटावर पोचा. गाव शांत असतं, काका-काकूंना, म्हणजे तुमच्या आई-बाबांना, गर्दीविना फिरता येतं. मग प्रायरी, म्हणजे जुन्या मठाचे अवशेष, उघडल्यावर बघा आणि रस्ता बंद व्हायच्या निदान अर्धा तास आधी परत निघा. बील गावाजवळ रेल्वेचं फाटक आहे आणि ती लंडन-एडिंबरा मुख्य लाईन आहे, त्यामुळे फाटक लागलं की थांबावं लागतं. जाताना तेवढी सवड धरा.

बेटावर रात्र काढण्याचा मोह होईल. दुपारची गर्दी गेल्यावर बेट फार सुंदर वाटतं, हे खरं. पण सत्तरीकडे आलेली माणसं बरोबर असताना काही तास रस्ता बंद असलेल्या ठिकाणी मी मुक्काम सुचवत नाही.

मुक्काम सीहाउसेस किंवा बॅम्बराला करा. दोन्ही रात्री एकाच ठिकाणी. न्यूकॅसलला राहून रोज वर यायचा विचार असेल तर सोडून द्या. न्यूकॅसलच्या वर ए१ रस्त्याला बऱ्याच ठिकाणी जायला-यायला एकेकच लेन आहे, सुट्टीत ट्रॅक्टर किंवा कॅराव्हॅनच्या मागे अडकलात की तासाचे दोन तास होतात. आणि मेअखेरीस इथे सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो. किल्ल्यांची दारं पाचच्या आसपास बंद होतात, म्हणजे पुढचे चार तास लख्ख उजेडाचे हातात असतात. किनाऱ्यावर राहिलात तरच ते मिळतात. म्हणून तिकिटाची ठिकाणं दिवसा उरकायची आणि तिकीट नसलेल्या जागा, म्हणजे वाळू, तटबंदी, बंदर, संध्याकाळसाठी ठेवायच्या. तीन दिवसांत सगळं बसतं ते यामुळेच.

पहिल्या दिवशी लीड्सहून सकाळी निघून थेट सीहाउसेसला या आणि फार्न बेटांची बोट घ्या. बोट पहिल्याच दिवशी ठेवायचं कारण म्हणजे उत्तर-पूर्वेचा वारा सुटला, समुद्र उसळला की बोटी रद्द होतात. पहिला दिवस गेला तरी दुसरा हाताशी असतो. पफिन हे समुद्रपक्षी बघायचे असतील तर तुमची वेळ उत्तम आहे. एप्रिलमध्ये ते बिळांवर परततात आणि जुलैअखेर निघून जातात. मेअखेर ते जुलैचा मध्य हा ऐन हंगाम. मुलीला दुर्बीण द्या. चोचीत चांदीसारखे बारीक मासे आडवे धरून बिळाकडे धावणारा पफिन एकदा दिसला की तिला बाकी काही दाखवावं लागणार नाही.

बोटींचे दोन प्रकार असतात. एक बेटांभोवती फिरून परत आणते, दुसरी इनर फार्नवर उतरवते. उतरायचं असेल तर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचं वेगळं शुल्क असतं आणि जागा मर्यादित असतात. इनर फार्नवर टोपी हवीच. जूनच्या आसपास आर्क्टिक टर्न पायवाटेच्या अगदी कडेला घरटी करतात आणि जवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर चोच मारतात. टिटवीएवढासुद्धा नसलेला पक्षी, पण रक्त काढतो. काकांच्या गुडघ्यासाठी एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा: सीहाउसेसच्या धक्क्यावरून बोटीत उतरताना पायऱ्या असतात, आणि ओहोटी असेल तर पाणी खाली गेल्यामुळे जास्त पायऱ्या उतराव्या लागतात, त्याही शेवाळलेल्या. भरतीच्या आसपासची फेरी निवडा. बुकिंग करताना बोटवाल्यांना फोन करून गुडघ्याचं सांगा, ते कोणती फेरी सोपी हे सांगतात. बेटावर चढण्यापेक्षा काकांसाठी फेरफटक्याची बोट बरी. करडे सील आणि कड्यांवर खच्चून बसलेले गिलेमॉट पक्षी त्यातूनही दिसतात.

त्याच दिवशी संध्याकाळी बॅम्बराच्या वाळूवर जा. बाकी कशासाठी नसलं तरी तिथून किल्ल्याकडे बघण्यासाठी. काकांनी सह्याद्रीतले गड पाहिले असतील तर त्यांना तो कडा ओळखीचा वाटेल आणि त्याला कारण आहे. किल्ल्याखालचा काळा खडक डोलेराइट आहे, आपल्याकडच्या बेसॉल्टच्याच कुळातला, फक्त जमिनीवर न येता आतल्या आत थिजलेला. इथले लोक या थराला विन सिल म्हणतात. बॅम्बरा, डन्स्टनबरा, लिंडिसफार्नचा किल्ला आणि फार्न बेटं, सगळी याच थरावर उभी आहेत, आणि रोमनांच्या हेड्रियन वॉलचा मधला भागही याच कड्यावरून जातो. किल्ले कुठे बांधायचे ते इथे खडकानेच ठरवलं.

दुसऱ्या दिवसाची अर्धी वेळ लिंडिसफार्नला, अर्धी बॅम्बराला. आधी कोण, ते भरती ठरवेल.

बॅम्बरा किल्ल्यात आत शिरताना चढाचा दगडी रस्ता आहे. हळूहळू चढता येतो, घाई नको. या भागाच्या जुन्या राजांची राजधानी इथे सहाव्या शतकापासून होती, पण आज दिसतो त्यातला मोठा भाग व्हिक्टोरियन काळातला आहे. विल्यम आर्मस्ट्राँग या न्यूकॅसलच्या तोफा आणि क्रेन बनवणाऱ्या कारखानदाराने १८९४ मध्ये तो विकत घेतला, आणि आजही किल्ला त्याच घराण्याकडे आहे. आत गेल्यावर काकूंना राजवाड्यासारखी दालनं आवडतील. काकांना मात्र १४६४ चं साल सांगा. इंग्लंडच्या यादवी युद्धात तोफांच्या माऱ्याने पडलेला हा देशातला पहिला किल्ला. ज्या किल्ल्याची सद्दी तोफेने संपवली, तो चारशे वर्षांनी तोफांच्या पैशातून पुन्हा उभा राहिला, हा योगायोग मला दरवेळी थक्क करतो. समुद्राकडच्या तटावर तोफा मांडलेल्या आहेत, शेजारी बसायला जागा आहे, आणि हवा स्वच्छ असेल तर तिथून फार्न बेटं आणि लांबवर लिंडिसफार्न दोन्ही दिसतात.

किल्ल्यापेक्षाही मुलीसाठी गावातलं छोटं ग्रेस डार्लिंग संग्रहालय चुकवू नका. जीवरक्षक नौकांची संस्था ते चालवते आणि प्रवेश मोफत आहे. ७ सप्टेंबर १८३८ च्या पहाटे फोरफारशायर नावाची आगबोट फार्न बेटांच्या खडकावर आपटून फुटली. लाँगस्टोन दीपगृहाच्या रखवालदाराची २२ वर्षांची मुलगी ग्रेस हिला खिडकीतून खडकावर माणसं हालताना दिसली. ती आणि तिचे वडील, दोघंच वल्ही मारत त्या वादळात गेले. दोन खेपांत नऊ जणांना वाचवलं. पहिल्या खेपेत ग्रेस होती. दुसऱ्या खेपेला वाचलेल्यांपैकीच धडधाकट माणसं वल्ह्यांवर बसली. ती होडी संग्रहालयात ठेवली आहे. मुलीला त्या होडीशेजारी उभं करा आणि तिची लांबी पावलांनी मोजायला सांगा. जेमतेम २१ फूट, उघडी, लाकडी. आदल्याच दिवशी तिने तोच समुद्र इंजिनाच्या बोटीतून पाहिलेला असेल, त्यामुळे मोठ्यांनी वेगळं काही समजावायची गरज पडत नाही. ग्रेस पुढे चारच वर्षं जगली, क्षयाने गेली. समोरच्या सेंट एडन चर्चच्या आवारात तिचं स्मारक आहे, समुद्रावरून जाणाऱ्या जहाजांना दिसावं असं बांधलेलं.

आता लिंडिसफार्न. पाण्यातून जाणाऱ्या रस्त्यावर शेवाळ आणि ओली वाळू असते, हळू चालवा. रस्त्याच्या कडेला उंच खांबांवर पांढरी खोली दिसेल. पाण्यात अडकलेल्यांनी जीव वाचवायला चढायची ती जागा. दरवर्षी तिथे गाड्या अडकतात आणि सीहाउसेसची जीवरक्षक नौका किंवा तटरक्षक दलाला यावं लागतं. समोरून पाणी येताना दिसेल असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात ते बाजूच्या खोलगट ओघळीतून रस्त्यावर चढतं आणि मागचा भाग आधी बुडू शकतो. पुढची गाडी गेली म्हणून आपणही जायचं नाही. वेळ संपली म्हणजे संपली. दूरवर वाळूत रोवलेल्या उंच काठ्यांची रांग दिसेल, ती यात्रेकरूंची जुनी पायवाट. तुमच्याबरोबर तिचा विचारही नको.

इ.स. ६३५ मध्ये इथला राजा ओस्वाल्ड याच्या बोलावण्यावरून स्कॉटलंडच्या आयोना बेटावरून एडन नावाचा साधू इथे आला आणि त्याने मठ स्थापला. पुढे कथबर्ट इथला बिशप झाला, ६८७ मध्ये इनर फार्नवर एकांतात वारला. त्यानंतर काही दशकांतच इथे लिंडिसफार्न गॉस्पेल्स हा चित्रलिखित ग्रंथ तयार झाला. मूळ पोथी आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, बेटावर शोधू नका. ७९३ च्या जूनमध्ये व्हायकिंगांनी मठ लुटला आणि सगळ्या युरोपला धक्का बसला. प्रायरीच्या संग्रहालयात नवव्या शतकातला एक थडग्याचा दगड आहे. त्यावर हातात तलवारी आणि कुऱ्हाडी उगारलेली सात माणसं एका रांगेत कोरली आहेत. दगड हातभरसुद्धा नाही. घाईत लोक त्याच्यासमोरून निघून जातात. तुम्ही तिथे थांबा, त्या हल्ल्याबद्दल तो जे सांगतो ते माहितीफलकांना जमत नाही.

बाहेरचे अवशेष मात्र त्या मठाचे नाहीत, ते नंतरच्या नॉर्मन प्रायरीचे आहेत. तांबूस वालुकाश्म वाऱ्याने मधाच्या पोळ्यासारखा पोखरला आहे. मधला मनोरा कोसळला, पण त्याची एक तिरकी कमान आभाळात तशीच उभी राहिली आहे. जमीन सपाट आहे, काकांना त्रास नाही. किल्ला मात्र गावापासून दीडेक किलोमीटर दूर, आणि शेवटचा चढ दगडी आणि उभा. लांबून त्याचं चित्र जास्त सुंदर दिसतं. सोळाव्या शतकातला हा छोटा कोट १९०० नंतरच्या काही वर्षांत एडविन ल्युटेन्स यांनी एका श्रीमंत मासिकमालकासाठी सुट्टीचं घर म्हणून बदलला, तेच ल्युटेन्स ज्यांनी पुढे नवी दिल्लीतलं आजचं राष्ट्रपती भवन आखलं. काकांना हे सांगितलंत तर ते तिथवर चालत जाणारच असं म्हणतील. चालू द्या, पण वर चढवू नका. बंदरापाशी उलट्या घातलेल्या जुन्या होड्यांच्या कोठ्या आहेत, तिथपर्यंत सपाट वाट आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी क्रास्टर. गाडी गावाबाहेरच्या जुन्या खाणीतल्या वाहनतळावर लावायची, तिथे स्वच्छतागृहही आहे. तिथून डन्स्टनबरा किल्ल्यापर्यंत समुद्राच्या कडेने दोनेक किलोमीटर गवताळ वाट आहे. फारशी चढाची नाही, पण गाडी जातच नाही, म्हणजे जाऊन-येऊन चार किलोमीटर. तुम्ही आणि मुलगी जा. काका-काकूंना बंदराच्या टोकाशी बाकावर बसवा, तिथूनही दोन बुरुजांचं भग्न प्रवेशद्वार दिसतं. राजा दुसरा एडवर्ड याच्या चुलतभावाने, थॉमस ऑफ लँकेस्टरने, हा १३१३ मध्ये बांधायला घेतला आणि राजाविरुद्धच्या बंडात हरल्यावर १३२२ मध्ये त्याचं डोकं उडवलं गेलं. तुम्ही मासे खाता म्हणून सांगतो: क्रास्टरला हेरिंग मासा उभा चिरून, खारवून ओकच्या धुरावर धुरी देतात, त्याला किपर म्हणतात. चव सुक्या माशासारखी तीव्र. घ्यायचे तर घरी न्यायला घ्या, पण घट्ट बांधून. गाडीत काकू असतील हे लक्षात ठेवा.

त्यानंतर ऍनिक. किल्ला १३०९ पासून पर्सी घराण्याकडे आहे आणि हॅरी पॉटरच्या पहिल्या दोन चित्रपटांचं चित्रीकरण इथे झालं. मुलगी त्याची वेडी असेल तर तीन तास द्या. नसेल तर मी तिकीट काढणार नाही, त्याऐवजी जुन्या रेल्वे स्थानकात भरलेलं बार्टर बुक्स हे पुस्तकांचं दुकान बघा. कपाटांच्या माथ्यावरून छोटी खेळण्यातली आगगाडी फिरते, शेकोटी असते, बसायला आरामखुर्च्या असतात. पावसाच्या दिवसासाठी हीच जागा हाताशी ठेवा.

बेरिक दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी उरकता येतं. स्कॉटलंड-इंग्लंडमध्ये तेरा वेळा हात बदललेलं हे शहर १४८२ पासून इंग्रजांकडे राहिलं. राणी एलिझाबेथच्या काळातली जाडजूड तटबंदी अजून शाबूत आहे आणि तिच्यावरून फुकट फिरता येतं. काकांना पूर्ण फेरी झेपली नाही तरी अर्धी चाला. कडेला कठडे नाहीत, मुलीचा हात धरा.

हवामानाचं वेगळं सांगायला हवं, कारण आई-बाबा मे महिना म्हटल्यावर आपला मे धरतात. या किनाऱ्यावर मेअखेरीस १२-१५ अंश आणि सतत वारा. स्वेटरच्या वर वारा अडवणारं जाकीट हवंच, आणि काकूंना कान झाकणारं काहीतरी. पूर्वेचा वारा असेल तर समुद्रावरून गार दाट धुकं येतं, इथे त्याला फ्रेट म्हणतात. अशा दिवशी किनाऱ्यावर बसून वाट बघू नका. आत काही किलोमीटरवर ऍनिकला चक्क ऊन असू शकतं. तिसऱ्या दिवसाची आखणी त्या दिवसाशी अदलाबदल करा.

जेवणाचं आधी ठरवा. इथल्या छोट्या गावांत स्वयंपाकघरं आठ-साडेआठला बंद होतात, आणि उजेड असल्यामुळे आपल्याला वेळेचं भान राहत नाही. शाकाहारी पदार्थ पबमध्ये मिळतात, पण बटाट्याचे चिप्स घेताना एक प्रश्न विचाराच. उत्तर इंग्लंडमध्ये अनेक फिश अँड चिप्सच्या दुकानांत तळण्यासाठी गोमांसाची चरबी वापरतात. पाटीवर लिहिलेलं नसतं. विचारलं की दुकानदार स्पष्ट सांगतात, आणि तेलात तळणारी दुकानंही आहेत. ऍनिक आणि बेरिकला भारतीय उपाहारगृहं आहेत. तरी पहिल्या दिवसासाठी दशम्या, चटणी आणि थर्मासभर चहा घरून घ्या, बोटीच्या वेळेचा ताण जातो.

तिकिटांत एक गफलत नेहमी होते. लिंडिसफार्न प्रायरी आणि डन्स्टनबरा इंग्लिश हेरिटेज या दुसऱ्या वारसा संस्थेच्या सदस्यत्वात येतात, लिंडिसफार्नचा किल्ला नॅशनल ट्रस्टच्या, आणि बॅम्बरा व ऍनिक दोन्हींत येत नाहीत, ते खाजगी आहेत. तुमच्या आखणीत प्रायरी आणि डन्स्टनबरा एवढ्यासाठी सदस्यत्व घेण्यात अर्थ नाही, जर वर्षभर लीड्सच्या आसपास फिरणार नसाल तर. आई-बाबांसाठी इंग्लिश हेरिटेजचा परदेशी पाहुण्यांचा ९ किंवा १६ दिवसांचा पास आहे, पण तो त्यांना यॉर्कशायरमधल्या इतर ठिकाणीही न्यायचं असेल तरच परवडतो.

परतताना डरहॅमला दोन तास थांबा. व्हायकिंगांच्या भीतीने ८७५ मध्ये साधूंनी कथबर्टची शवपेटी घेऊन लिंडिसफार्न सोडलं आणि अनेक ठिकाणी फिरून ती ९९५ मध्ये डरहॅमला आणली. कथीड्रलमध्ये उंच वेदीच्या मागे त्याची समाधी आहे, प्रवेश मोफत. प्रायरीत पाहिलेल्या कोरीव खांबांची थोरली भावंडं इथे अखंड उभी दिसतील. गाडी खाली शहराच्या वाहनतळावर लावा आणि कथीड्रलपर्यंत जाणारी छोटी बस चालू असेल तर ती घ्या. रस्ता उभा आणि गोट्यांचा आहे, काकांना चालवू नका. बँक हॉलिडेचा, म्हणजे सार्वजनिक सुट्टीचा, सोमवार असेल तर दुपारी दोनच्या आत ऍनिक सोडा. त्यानंतर न्यूकॅसलच्या पश्चिमेकडच्या ए१ वर गाड्या मुंगीच्या चालीने सरकतात.